मेलच्या तारखा चुकल्यास घ्यावयाची काळजी

आपल्या वेबमेलच्या इनबॉक्समध्ये सगळ्या जुन्या पत्रांवर एकच तारीख दिसू लागली, तर घाबरून जाऊ नये. सेवा देणाऱ्या कंपनीने आपले खाते नव्या, अधिक वेगवान सर्व्हरवर हलवल्याची ती पोच आहे. लातूरच्या आमच्या दाळमिलला हे भाग्य नुकतेच लाभले. सोलापूरच्या व्यापाऱ्याने तुरीच्या डाळीचा सौदा पक्का केल्याचा मेल, तो मोडल्याचा मेल आणि नव्या भावाने पुन्हा केल्याचा मेल, हे सगळे आता एकाच पहाटे ३ वाजून १४ मिनिटांनी आलेले दिसतात. शेवटचा भाव कोणता, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार ठरवावे.

सर्वप्रथम ब्राउझरची कॅशे, म्हणजे त्याने आपल्या संगणकावर साठवलेल्या पानांच्या प्रती, साफ करावी. तारीख सर्व्हरवर असल्यामुळे तिच्यात काडीचाही फरक पडणार नाही, परंतु ग्राहक सेवेतील मुलाला आपली तक्रार 'निकाली' म्हणून बंद करता येईल.

संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू करावा.

सगळ्या वेळा नेमक्या साडेपाच तासांनी मागे दिसत असतील, तर मात्र सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोन बदलावा; तेथे लातूर किंवा मुंबई शोधत बसू नये, 'एशिया/कोलकाता' निवडावे. एखाद्या मेलवर १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच असे दिसले, तर तो अर्धशतक वाटेत अडकला होता असे समजू नये. पत्राला वाचता येईल अशी तारीखच नसली की काही प्रणाली ती शून्य धरतात, आणि त्यांचे शून्य तेथून सुरू होते.

एवढ्यावर भागले नाही, तर पाठवणाऱ्याला दोष द्यावा. कंपनीने आम्हांला हाच सल्ला अत्यंत नम्रपणे दिला. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. मेलमधील 'डेट' ही ओळ पाठवणाऱ्याच्या यंत्राच्या घड्याळावरून लिहिली जाते, आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा घड्याळ चालू ठेवणारा बटनासारखा सेल संपलेला असला, तर लाईट गेली की ते घड्याळ थेट जुन्या सालात जाऊन बसते. अशा यंत्रावरून आलेले पत्र यादीत तळाशी जाते, हेही खरे. परंतु सोलापूर, इंदूर आणि चेन्नई येथील सगळ्या व्यापाऱ्यांचे सेल एकाच पहाटे संपले, आणि तेही त्यांनी वर्षानुवर्षे पाठवलेल्या पत्रांवर मागाहून परिणाम करतील अशा रीतीने संपले, हे ऐकून आम्ही माना डोलवाव्यात अशी अपेक्षा असेल, तर समोरच्याला किती अडाणी समजावे यालाही काही मर्यादा असावी! कोणतेही पत्र उघडून त्याचा मूळ मजकूर पाहिला, तर 'डेट' ची ओळ जशीच्या तशी शाबूत आहे, शेवटी भारतीय वेळेची खूण +०५३० सुद्धा आहे. वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने वर चढवत नेलेल्या 'रिसीव्हड' च्या ओळीही आपापल्या जागी आहेत. बिघडली आहे ती फक्त सर्व्हरने नोंदलेली पेटीत पडल्याची तारीख, आणि ती कंपनीनेच बिघडवली आहे.

यादी 'पाठवल्याची तारीख' या क्रमाने लावून आम्ही आमच्यापुरते निभावून नेत आहोत. हिशेबनीस मात्र अजूनही एकेका पत्राचा मूळ मजकूर छापून फायलीला लावतो आहे.

आता कंपनीसाठी दोन शब्द. आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरची पत्रे हाताळण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, पत्र नव्या पेटीत टाकताना त्याची जुनी तारीख सोबत देता येते; न दिल्यास सर्व्हर त्या क्षणाची तारीख लावतो. त्या पद्धतीचे नियम सांगणाऱ्या २००३ सालच्या आरएफसी ३५०१ या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि मेल हलवण्याची नावाजलेली साधने ती तारीख आपणहून जपतात. नुसत्या फायली उचलून नेल्या असतील, तर फायलींच्या वेळा जपून नक्कल करायला हवी होती. हे तुमचे काम होते, त्याचे तुम्ही पैसे घेता. रात्रीतून सगळे उरकण्याऐवजी आधी एक खाते हलवून डोळ्यांनी पाहिले असते, तर हे तेव्हाच दिसले असते. जुन्या सर्व्हरचा बॅकअप काढा, पत्रे तारखांसह पुन्हा भरा, आणि तोवर आम्हांला कॅशे साफ करायला सांगणे बंद करा.