माळ पडीक नसतो, दादा

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "पाटोद्याकडं माणसं कोयता घेऊन घर सोडतात, मागं राहिलेले टँकरची वाट बघतात, आणि तुम्हाला इंग्लंडातल्या निळ्या फुलपाखराचं पडलंय. आमच्या गायरानात नुसती कुसळं. मेंढरं बंद करून झाडं लावा, किडेही वाचतील." कोयत्याचं आणि टँकरचं दुःख खरं आहे, त्यावर वाद नाही. पण शेवटच्या वाक्यावर बोलायलाच हवं. ते फुलपाखरू तिकडं अशाच समजुतीपायी गेलं.

लार्ज ब्लू त्याचं नाव. मादी थाइमच्या फुलांवर अंडी घालते. या झुडपाचा वास आपल्या ओव्याच्या वासाच्या जवळचा. अळी दोन-तीन आठवडे फुलं खाते आणि खाली उतरते. लाल मुंगी तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेते. तिथं जवळजवळ दहा महिने ती मुंग्यांची पिल्लं खाऊन वाढते. पण मुंगी ठरावीक जातीचीच लागते आणि त्या मुंगीला उन्हानं तापलेली जमीन लागते, म्हणजे गवत अगदी आखूड हवं. लोकांना वाटलं, हौशी संग्राहक फुलपाखरं पकडून नेतात म्हणून ती कमी झाली. कुंपणं घातली. गुरंही बाहेर राहिली. 1950 च्या दशकात साथीनं ससे मेले. गवत वाढलं, माती गारठली, मुंगी गेली. कीटकांचे अभ्यासक जेरेमी थॉमस यांनी हे कोडं उलगडलं तोवर उशीर झाला होता. 1979 मध्ये हे फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसं झालं. 1983 पासून स्वीडनमधून आणून पुन्हा सोडलं. त्यासाठी आधी माळावर चराई परत आणावी लागली.

आता आपल्याकडं या. पाऊस झाला की बांधावरच्या बाभळीच्या कोवळ्या शेंड्याजवळ डोळा नेऊन बघा. मुंग्या घोळका करून असतात आणि मधे गव्हाच्या दाण्याएवढी हिरवी अळी. मुंग्या तिला मिशांनी थोपटतात, ती पाठीतून गोड थेंब सोडते, त्या तो चाटतात. तिचं फुलपाखरूही निळंच, नखाएवढं. अशा कितीतरी जिवांचं घर म्हणजे तुमचा कुसळाचा माळ. त्यावर खड्डे घेऊन गिरीपुष्पाची झाडं दाटीनं लावलेली मी पाहिलीत. सावलीखाली कुसळ उरत नाही, आणि त्यावर जगणाराही.

म्हणून धनगराची मेंढरं हाकलू नका, असं माझं कळकळीचं म्हणणं आहे. बारमाही एकाच जागी बसवली तर माळ उघडा पडतो, हेही खरं. पावसाळ्यात आळीपाळीनं एकेक तुकडा राखा, बी पडलं की चारा कापून न्या. दुष्काळात तोच चारा तुमच्या दावणीला येईल. झाडं जरूर लावा, पण गावठाणात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी.

तुमच्या गायरानात खड्डे कधी घेणार आहेत ते कळवा. त्याआधी येतो; सरपंचांना आणि मेंढरंवाल्यांना सोबत घेऊन एक सकाळ माळावर फिरू.