चाकातला आवाज ‘अधूनमधून’ येतो, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही

गाडीच्या चाकांतून येणाऱ्या कर्कश आवाजाबद्दलचा एक मेसेज सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आवाज अधूनमधून येत असेल तर ती नुसती धूळ. ब्रेक दाबल्यावर आवाज थांबला तर ब्रेकचा संबंधच नाही. चाकात गंज सोडवायचा स्प्रे किंवा थोडं तेल मारा, ब्रेक ऑइलची लेव्हल भरा. आणि गॅरेजवाल्याने पॅड-डिस्क बदलायला सांगितलं, तर तो लुटतोय असं समजा. यातला एक सल्ला जिवावर बेतणारा आहे, म्हणून मेसेजचा क्रम सोडून आधी त्याच्याबद्दल लिहितो.

तेल मारल्यावर आवाज थांबतो, हे खरं आहे. तो का थांबतो ते पाहा. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, आणि पॅड म्हणजे ब्रेक दाबल्यावर तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे ठोकळे. या दोघांमधलं घर्षण गाडी थांबवतं, आणि त्याच घर्षणात पॅड-डिस्क थरथरू लागले की आपल्याला किंचाळी ऐकू येते. तेलाने किंचाळी जाते, कारण घर्षणच जातं. डब्ल्यूडी-४०सारखा गंज सोडवायचा स्प्रे असो, शिलाईमशिनचं तेल असो की नारळाचं, ते पॅडच्या मटेरियलमध्ये मुरतं. वरून पुसून निघत नाही, पॅड बहुधा फेकावाच लागतो. त्यातही एकाच चाकावर तेल पडलं असेल तर जोरात ब्रेक मारताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढली जाते. ओल्या रस्त्यावर, समोर एसटी उभी असताना हे घडलं तर काय होईल, याची कल्पना करा. ज्यांनी आधीच स्प्रे मारलाय त्यांनी गाडी रस्त्यावर न काढता मिस्त्रीला दाखवावी. डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने निघतं. ग्रीसचंही काम असतं, पण ते कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिनांवर आणि पॅडच्या पाठीमागे, तेही उष्णता सोसणारं ग्रीस, बेताने लावलेलं. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये.

आता ‘अधूनमधून म्हणजे धूळ’. लोकांना हाच दावा सगळ्यांत पटतो, आणि फसगतही इथेच होते.

बऱ्याच ब्रेक पॅडच्या पाठीच्या लोखंडी पत्र्याला एक छोटी स्प्रिंगची पट्टी बसवलेली असते. नव्या पॅडचं मटेरियल साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतं. ते झिजून दोन-तीन मिलिमीटर उरलं की या पट्टीचं टोक डिस्कला टेकतं आणि बारीक, टोकदार आवाज काढतं. ती त्यासाठीच बसवलेली असते. सुरुवातीला हे टेकणं निसटतं असतं. वळण घेतलं, खड्ड्यातून चाक उचललं गेलं, डिस्क तापली, की आवाज येतो आणि जातो. म्हणजे पॅड संपत आल्याचा इशारा पहिल्यांदा ऐकू येतो तोच मुळी अधूनमधून. तो सतत येईपर्यंत थांबलं तर पुढे मटेरियल संपून पॅडचा लोखंडी पत्रा डिस्कवर घासू लागतो. तेव्हा आवाज बदलतो. किंचाळी जाऊन जाड खरखर ऐकू येते आणि डिस्कवर चरे पडतात. बाजारातल्या काही स्वस्त पॅडना ही पट्टीच नसते, त्यामुळे आवाज नाही म्हणजे पॅड शाबूत, असंही धरून चालू नये.

‘ब्रेक दाबल्यावर थांबतो, म्हणजे ब्रेकचा संबंध नाही’ हा दावा तर नेमका उलटा आहे. पट्टी डिस्कला हलकेच टेकलेली असते तेव्हा ती मोकळी थरथरते. पेडल दाबलं की ती घट्ट दाबली जाते आणि गप्प होते. कॅलिपरच्या पिना गंजून जाम झाल्या तरी हेच घडतं. पेडल सोडल्यावर पॅड मोकळा सुटत नाही, डिस्कला चाटत राहतो, गाडी चालताना चूं-चूं ऐकू येतं आणि ब्रेक लावताच बंद होतं. अशा चाकाचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा कितीतरी आधी संपू शकतो, आणि रिममधून डोकावताना आपल्याला बाहेरचाच दिसतो. ओळखायचं असेल तर फारसा ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी चालवा, थांबा आणि चारही चाकांच्या जवळ तळहात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एकाच चाकाची धग बाकीच्यांपेक्षा खूप जास्त असेल तर तिथला ब्रेक अडकलाय.

म्हणून आवाज केव्हा येतो, हे लक्षात ठेवणं फार मोलाचं आहे. ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर? सरळ जाताना की वळणावर? गाडी थंड असताना की घाट उतरल्यावर? गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावरही चीं आवाज आला तर चाकांचा विषयच संपतो. बहुतेकदा बॉनेटखालचा पट्टा सैल किंवा जुना झालेला असतो. वेगाबरोबर वाढणारी, एका बाजूला वळताना मोठी होणारी घरघर चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखवते. रस्त्याच्या कामावरून, खडीवरून गाडी नेल्यानंतर अचानक भयंकर किंचाळी सुरू झाली आणि ब्रेकने काही फरक पडत नसेल, तर डिस्क आणि तिच्यामागचा धूळ अडवणारा पत्रा यांत खडा अडकलेला असू शकतो. गाडी हळू काही फूट मागे घेतली की तो पुष्कळदा पडून जातो. मेसेजमधल्या ‘धूळ’ या एका शब्दाखाली हे सगळे वेगवेगळे दोष झाकले जातात.

धुळीचा दावा सरसकट खोटा नाही. लहान हॅचबॅक गाड्यांना मागे बहुधा ड्रम ब्रेक असतात. त्यात डिस्कऐवजी चाकाबरोबर फिरणारा डबा असतो आणि पॅडऐवजी त्याला आतून घासणारे लायनर. ड्रममध्ये या लायनरची भुकटी साचून आवाज येतो. तो ड्रम उघडून साफ केल्यावर जातो. (भुकटी हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ती भुकटी मिस्त्रीच्या छातीत जाते.) पावसाळ्यात सकाळी पहिल्या काही ब्रेकांना होणारी खरखरही बहुतेकदा साधी असते. डिस्क बिडाची असते, एका ओल्या रात्रीत तिच्यावर तांबूस गंज चढतो आणि चार-सहा ब्रेकांत घासून निघतो. कोकणात, समुद्राजवळ गाडी आठवडाभर उभी राहिली तर ही खरखर थोडी जास्त वेळ चालेल. पण काही किलोमीटरनंतरही आवाज तसाच असेल तर त्याचं खापर पावसावर फोडू नका. आणि भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून दिवसेंदिवस उभी ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला की भागतं.

ब्रेक ऑइल भरल्याने आवाज जात नाही, त्या दोघांचा संबंध नाही. संबंध दुसराच आहे. पॅड झिजतात तसे त्यांना ढकलणारे कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकतात, ती जागा ऑइल भरून काढतं आणि टाकीतली लेव्हल उतरते. म्हणजे उतरलेली लेव्हल हीदेखील पॅड झिजल्याची खूण असते, नाहीतर कुठेतरी गळती असते. वरून ऑइल ओतलं की दोन्ही खुणा पुसल्या जातात. शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबले जातात तेव्हा हे जादा ऑइल टाकीतून वर येतं, आणि ते रंग खातं.

लुटीची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. न पाहता, चाक न काढता ‘चारही डिस्क गेल्या’ म्हणणारे भेटतात. पण त्यावर उपाय मोजमापाचा आहे, गॅरेज टाळण्याचा नाही. बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. समोर उभं राहून व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावायला सांगा. जाडी त्याहून कमी भरली तर डिस्क बदलायलाच हवी. जास्त असेल आणि चरे उथळ असतील तर पुष्कळदा लेथवर घासून घेता येते, फक्त घासल्यानंतरही ती किमान जाडीच्या वर राहायला हवी. पॅड एकाच चाकाचा संपला असला तरी समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदला, आणि एकीकडचाच का संपला ते विचारा. उत्तर बहुधा जाम पिनांमध्ये सापडतं. पिना साफ केल्या नाहीत तर नवा पॅडही तसाच झिजेल. आवाज खरखरीपर्यंत पोचला असेल तर मात्र गाडी कसारा किंवा आंबा घाटातून उतरवून गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.