हवाई छायाचित्र म्हणजे तयार नकाशा नव्हे

‘ड्रोन एकदा उडाला की त्याच दिवशी नकाशा तयार, छायाचित्र हाच नकाशा, जमिनीवर कोणी फिरकण्याची गरज नाही’, असा संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. तो वाचून आमच्या मामांनी गावठाणाच्या मोजणीला हजर राहायचे नाही असे ठरवून टाकले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक आहे ते हे हजर न राहणे. गावठाणातील मिळकतींची ड्रोनने मोजणी करून मालकीची नोंद देणाऱ्या, २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेची कार्यपद्धतीच पाहावी. उड्डाणापूर्वी ग्रामस्थांसमक्ष मिळकतींच्या हद्दींवर चुना टाकला जातो आणि छायाचित्रांवरून मसुदा तयार झाल्यावर तो पुन्हा जागेवर पडताळून हरकती ऐकल्या जातात. वरून छपराची कड दिसते. तिच्याखालची भिंत कुठे संपते आणि वळचणीची हातभर जागा कोणाची, हे कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही. मालकाने हद्द दाखवलीच नाही, तर शेजारी दाखवेल तिथे चुना पडण्याचा धोका राहतो.

‘छायाचित्र हाच नकाशा’ हे तर भूमितीलाच धरून नाही. नकाशाचे प्रमाण सर्वत्र एकच असते, छायाचित्रात मात्र उंच भाग मध्यापासून बाहेर सरकतो. १५२ मिलिमीटर नाभीय अंतराच्या (भिंगापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतच्या अंतराच्या) कॅमेऱ्याने पायथ्यापासून १,५०० मीटर उंचीवरून सह्याद्रीचे छायाचित्र घेतले आणि त्यात १५० मीटर उंचीचा माथा मध्यापासून १०० मिलिमीटरवर आला, तर तो १० मिलिमीटर सरकलेला असतो, म्हणजे जमिनीवर सुमारे १०० मीटरांची चूक. ती काढण्यासाठी प्रत्येक ठिकाणची उंची माहीत असावी लागते.

ड्रोनवरील जीपीएस आणि कायमस्वरूपी संदर्भ स्थानके (जीपीएसची चूक दुरुस्त करणारी, जमिनीवर पक्की बसवलेली केंद्रे) यांमुळे जमिनीवरचे नियंत्रण बिंदू, म्हणजे अचूक मोजून ठेवलेल्या खुणा, कमी लागतात, एवढे खरे. पण अचूकता तपासायला काही बिंदू मोजावेच लागतात.

वेग वाढला, हेही मान्य करावे लागते. प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायचा तिपाईवरचा फळा) घेऊन डोंगर चढत समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, काढण्याऐवजी, सुमारे ६० टक्के भाग सामाईक असलेल्या लगतच्या छायाचित्रांच्या जोडीवरून त्या कार्यालयात काढता येतात, आणि खरा वेळ तिथेच वाचतो. परंतु भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर (भूरूपे दाखवणाऱ्या नकाशावर) बारमाही प्रवाह निळा आणि कोरडा ओढा काळा छापतात. तो ओढा उन्हाळ्यात आटतो का आणि पलीकडच्या वाडीला काय म्हणतात, हे विचारायला माणसालाच गावात जावे लागते.