नकाशातलं इंबर

काल पुन्हा रात्री दीड वाजेपर्यंत नकाशे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटनचे जुने सर्व्हेचे नकाशे साइटवर फुकट ठेवलेत. पट्टी सरकवली की जुना नकाशा विरत जातो आणि खालून आजचं उपग्रहचित्र वर येतं. बायको म्हणते, लोक रील्स बघतात, हा बांध बघतो.

मी अडकलोय इंबरवर. विल्टशायरमध्ये सॉल्सबरीच्या माळावरचं गाव. जुन्या नकाशात चर्च आहे, चॅपल आहे, चहूकडून गावात उतरणाऱ्या पायवाटा आहेत. पट्टी सरकवा. पायवाटा रणगाड्यांच्या चरांमध्ये हरवतात.

हे एका रात्रीत झालं नाही. लष्कराने माळावरची जमीन १८९७ पासून विकत घ्यायला सुरुवात केली. १९४३ उजाडेपर्यंत इंबरकर आपल्याच गावात लष्कराची कुळं होऊन बसले होते. कुळाची जमीन कशी जाते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १ नोव्हेंबरला शाळेत सगळ्यांना बोलावलं: अमेरिकन सैन्याच्या सरावासाठी गाव हवंय, ४७ दिवसांत निघा. दीडेकशे माणसं. लढाई संपली की परत येऊ, अशा समजुतीने गेली. १९६१ मध्ये मोठं आंदोलन झालं, चौकशी बसली, निकाल लष्कराच्या बाजूने.

आता कोणीतरी म्हणेलच, लष्करामुळे माळ वाचला. खरंय की! हद्दीबाहेर नांगर आणि खतं, आत चुनखडीवरचं जुनं गवत तसंच. रणगाड्यांच्या चरांत पावसाचं पाणी साचतं, त्यात एक दुर्मीळ, पारदर्शक कोळंबीसारखा जीव वाढतो. रणगाडा गेला की चिखलाबरोबर त्याची अंडी पुढच्या डबक्यात. मला हे भारी वाटतं, लपवत नाही. पण हे वाक्य ऐकवताना लोकांचा सूर असा असतो, जणू गावाने जागा अडवून ठेवली होती. मेंढ्या तिथे शेकडो वर्षं चरत होत्या म्हणून तर ते गवत तसं होतं!

वर्षातले मोजके दिवस गाव उघडतात. ऑगस्टमध्ये वॉर्मिन्स्टरहून जुन्या लाल डबलडेकरने गेलो होतो. चर्च धड आहे. त्याच्याभोवती तारेचं कुंपण. पलीकडे विटांची घरं, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. कौन्सिलने १९३८ साली बांधलेली. माझ्या नकाशात ती नाहीतच, नकाशा त्यांच्या आधीचा. पाच वर्षं राहिली त्यांत माणसं.