जाऊबाईंच्या पंचवीस फेऱ्या

स्तनाच्या कॅन्सरवरचा एक लेख वाचला. त्यात म्हटलंय, स्तन वाचवता येत असतानाही गरीब बायका तो पूर्ण काढून घेतात ते अज्ञानापोटी. आमच्या जाऊबाईंना सगळं ठाऊक होतं हो. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं: फक्त गाठ आणि भोवतीचा भाग काढला तरी जगण्याची शक्यता तेवढीच. (या दोन ऑपरेशनांची तुलना करणाऱ्या इटली आणि अमेरिकेतल्या चाचण्यांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ सालीच आलेत, लेखात ते हवे होते.)

पण स्तन ठेवला की रेडिएशन आलंच. तेव्हा पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. राहायला ठाण्याजवळच्या दिवा गावात, मशीन पार नवी मुंबईत. हात धड वर होत नसताना सकाळच्या गर्दीत दिव्याहून ठाणं गाठायचं, पूल चढून पनवेलची गाडी पकडायची. धुण्याभांड्याची चार घरं सुटणार ती वेगळीच. सरकारी योजनेतून उपचार फुकट होतात, बुडालेला पगार कोण देतं? बाई म्हणाल्या, काढून टाका.

आणि काखेतल्या पाच लसिका ग्रंथींत (लिम्फ नोड) रोग पसरलेला निघाला, त्यामुळे रेडिएशन घ्यावंच लागलं! स्तन काढला तरी ही वेळ येऊ शकते, हे ऑपरेशनआधी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पंचवीसच्या पंचवीस फेऱ्या झाल्या, निम्म्यांना मी सोबत होते.

आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत, १५-१६ वेळांत भागतं. तुमच्या ओळखीत कुणी हा निर्णय घेत असेल तर डॉक्टरांना आधी तेवढं विचारा, आणि स्तन ठेवला काय, काढला काय, दोन्हीत रेडिएशन लागेल का तेही.