गुळाला फेस आला म्हणजे युरिया नव्हे

निपाणी-संकेश्वर भागात मोबाईलवर मेसेज फिरतोय: गुळाच्या पाण्यात ॲसिडचे थेंब टाकून फेस आला, तर गुळात युरिया आहे. हे चूक आहे. आम्लाने फसफसतो तो कार्बोनेट, युरिया नाही. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. हायड्रोक्लोरिक आम्लाशी त्याचं मीठ आणि पाणी होतं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. खडूच्या भुकटीचंही तेच. ती पाण्यात तळाशीही बसते. गुऱ्हाळात रसाला घालतात ती चुन्याची ताजी निवळी मात्र आम्लात मुकाट उदासीन होते, फेस नाही. म्हणजे फेस आला तर शंका सोड्याची किंवा खडूची घ्या. आणि संडासाचं ॲसिड स्वयंपाकघरात कशाला? व्हिनेगरनेही सोडा फसफसतो. चाचणी केलेला गूळ फेकून द्या.