झाक ब्रेलला बेटाच्या हवेने बरं केलं नव्हतं

सध्या फिरणाऱ्या एका फॉरवर्डचा मजकूर थोडक्यात असा: "फ्रान्सचा महान गायक झाक ब्रेल. १९७४ मध्ये कॅन्सर झाला, डॉक्टरांनी हात टेकले. त्याने औषधं फेकून दिली, बोट घेतली आणि पॅसिफिकमधल्या बेटावर जाऊन राहिला. शुद्ध हवा, ताजी फळं आणि सकारात्मक विचार यांनी कॅन्सर पळाला. मरणाच्या दारात त्याने 'सीझन्स इन द सन' लिहिलं. बेटावरच्या झोपडीत, एका फुफ्फुसावर शेवटचा अल्बम गायला. पाच गाणी स्वतःच्या हाताने जाळली. जगाने तेव्हा दुर्लक्ष केलं, गेल्यावर डोक्यावर घेतलं. शेअर करा, कुणाचा तरी जीव वाचेल."

खाली सूर्यास्ताचा फोटो आणि हात जोडलेले इमोजी. असले फॉरवर्ड मी एरवी वाचत नाही. पण हा माझ्या काकांना सोसायटीच्या ग्रुपवरून आला. काकांचं फुफ्फुसाचं ऑपरेशन झालंय आणि रेडिएशन चालू आहे. त्यांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मग आपण हे कशाला करतोय?" तेव्हा "जीव वाचेल" या शेवटच्या दोन शब्दांपासूनच सुरुवात करतो.

ब्रेलने औषधं फेकून बोट घेतली, हा क्रमच उलटा आहे. बोट आधी आली. 'आस्कोय' नावाची शिडाची बोट घेऊन तो जुलै १९७४ मध्ये अँटवर्पहून जगप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा कॅन्सरचा पत्ताही नव्हता. रोगाचं निदान झालं ते प्रवास सुरू झाल्यावर, त्याच वर्षाच्या शेवटी. मग हा माणूस काय करतो? ब्रसेल्सला परततो आणि नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन करून घेतो. डाव्या फुफ्फुसाचा रोगट भाग सर्जनने कापून काढला. ऑलिव्हिए टॉड यांनी १९८४ साली ब्रेलचं जाडजूड चरित्र लिहिलं, त्यात हा सगळा काळ आला आहे. ऑपरेशननंतर तो पुन्हा बोटीवर गेला, अटलांटिक ओलांडला, पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये उतरला आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये मार्केसास द्वीपसमूहातल्या हिवा ओआ बेटावर पोचला. म्हणजे बेटाची हवा लागण्याच्या वर्षभर आधी सर्जनची सुरी लागली होती. फॉरवर्डमधून नेमकी ती सुरीच गायब आहे.

आणि कॅन्सर पळाला वगैरे काही नाही. जुलै १९७८ मध्ये ब्रेल उपचारांसाठी पॅरिसला परतला आणि ९ ऑक्टोबरला पॅरिसजवळच्या बोबिन्यीच्या इस्पितळात गेला. वय ४९. सिगरेटवर सिगरेट ओढण्यात उभा जन्म गेलेला माणूस होता तो. मेसेज लिहिणाऱ्याने सिगरेटचा एका अक्षराने उल्लेख केलेला नाही, हेही लक्षात घ्या.

हवेचंच म्हणाल तर हिवा ओआवरच्या आतुओना गावात ब्रेलच्या आधी आणखी एक प्रसिद्ध पाहुणा राहून गेला: चित्रकार पॉल गोगँ. हवा तीच, फळं तीच. १९०३ साली ५४ व्या वर्षी तिथेच वारला. दोघांच्या कबरी एकाच दफनभूमीत आहेत. खुद्द ब्रेलचा त्या हवेवर किती भरवसा होता तेही बघा. त्याच्याकडे पायलटचं लायसन्स होतं. बेटावर राहताना त्याने दोन इंजिनांचं छोटं बीचक्राफ्ट विमान घेतलं, गेलेल्या जिवलग मित्राच्या नावावरून त्याचं नाव 'जोजो' ठेवलं, आणि त्यातून तो टपाल, सामान आणि आजारी माणसं ने-आण करायचा. आजारी माणसं कुठे? ताहितीला, सुमारे १४०० किलोमीटरवर, कारण इस्पितळ तिथे होतं. बेटाची हवाच औषध असती तर हा खटाटोप त्याने केला असता का?

एक कबूल करतो, नाइलाजाने. ऑपरेशननंतर घरी पडून राहण्याऐवजी तो समुद्रावर गेला हे खरं, आणि जी काही वर्षं मिळाली ती त्याने रुग्ण म्हणून न काढता मजेत काढली हेही खरं. ते त्याचं धाडस किंवा त्याचा हट्ट, काय म्हणायचं ते म्हणा. पण त्याला उपचारपद्धती म्हणू नका.

आता 'सीझन्स इन द सन'. वेस्टलाइफ या आयरिश बँडने १९९९ मध्ये गायल्यामुळे आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत पोचलेलं गाणं. मूळ गाणं ब्रेलचंच, 'ल मोरिबाँ', म्हणजे मरायला टेकलेला. ते आलं १९६१ साली. ब्रेल तेव्हा ३२ वर्षांचा, ठणठणीत, वर्षभर गावोगाव कार्यक्रम करत हिंडणारा. त्याचं इंग्रजी रूप अमेरिकन कवी रॉड मॅक्यूनने केलं आणि कॅनडाचा गायक टेरी जॅक्सने त्यात फेरफार करून गायलं. ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर पोचलं मार्च १९७४ मध्ये. ब्रेलचं निदान त्यानंतर कित्येक महिन्यांनी. मरणाच्या दारात लिहिलेलं गाणं दाराशी पोचण्याच्या १३ वर्षं आधीच दुकानात विकायला होतं. या एका तारखेवर अख्खी कहाणी झोपते.

शिवाय मूळ गाणं रडकं नाहीच. त्यातला मरणारा माणूस मित्राचा निरोप घेतो, पाद्रीबुवांचा घेतो, मग बायकोच्या यारालाही नाव घेऊन रामराम करतो आणि म्हणतो, मला खड्ड्यात ठेवाल तेव्हा हसा, नाचा, धमाल करा. इंग्रजीत तो यार गेला, तिरकसपणा गेला, उरला गोड गोड निरोप. ब्रेल मरणावर तिशीपासूनच लिहीत होता. १९६४ मध्ये स्वतःच्या शेवटच्या जेवणावर गाणं केलं, १९६८ मध्ये मरणाला "आलोच" म्हणणारं दुसरं. त्यासाठी त्याला कॅन्सरची गरज पडली नव्हती.

झोपडीतला अल्बम. गाणी रचली बेटावर, हे बरोबर. रेकॉर्ड झाली ती पॅरिसमध्ये, बार्क्ले कंपनीच्या स्टुडिओत, सप्टेंबर १९७७ च्या सुमारास. वाद्यवृंदाची रचना फ्रान्स्वा रोबेरची, पियानोवर जेरार झुआने. दोघंही पन्नासच्या दशकापासूनचे साथीदार. अल्बममधलं पहिलंच गाणं 'जोरेस' ऐका. खाणीत राबून पंधराव्या वर्षीच म्हातारे झालेल्या आज्या-आजोबांबद्दल तो जवळजवळ बोलल्यासारखा गातो आणि पुन्हा पुन्हा एकच विचारतो: जोरेसला का मारलं? जाँ जोरेस हा समाजवादी पुढारी, युद्धविरोधी, ३१ जुलै १९१४ ला पॅरिसच्या एका कॅफेत गोळ्या घालून मारला गेला. मरणपंथाला लागलेला संतपुरुष अल्बमची सुरुवात राजकीय खुनाने करत नाही. 'ओर्ली' या गाण्यात पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर दोन हजारांच्या गर्दीत त्याला फक्त एक जोडपं दिसतं, ताटातूट होणारं. वाद्यं चढत जातात, आवाज त्यांच्यावर कुरघोडी करतो आणि ऐन गळा दाटून येण्याच्या ठिकाणी तो समकालीन गायक जिल्बेर बेकोला चिमटा काढतो. बेकोने १९६३ मध्ये ओर्लीच्या रविवारचं आनंदी गाणं गायलं होतं. ब्रेल म्हणतो, रविवारी ओर्ली उदासच असतं, बेको असो वा नसो. आपल्याला ज्याचा टाहो ऐकवला जातोय, तो गडी मध्येच असा डोळा मारतो.

एक फुफ्फुस? एक पूर्ण गेलेलं नव्हतं, काही भाग गेला होता. पण दम कमी पडतोय हे काही गाण्यांत ऐकू येतं, ते नाकारत नाही. फरक इतकाच की श्वास कुठे पुरवायचा आणि कुठे तुटू द्यायचा याचा हिशोब त्याला येत होता. तो हिशोब वीस-पंचवीस वर्षांच्या रियाजाचा. सकारात्मक विचारांनी येत नाही.

"जगाने दुर्लक्ष केलं" हे तर हसण्यावारी नेण्यासारखं आहे. अल्बम आला १७ नोव्हेंबर १९७७ रोजी. वेष्टनावर निळं आकाश, ढग आणि फक्त 'ब्रेल'. त्याने रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला, एडी बार्क्लेला, जाहिरात करू नको म्हणून बजावलं होतं. बार्क्लेने जाहिरात केली नाही, पण रेकॉर्ड्स नंबरच्या कुलपाच्या धातूच्या पेट्यांत घालून धाडल्या आणि नंबर ठरल्या वेळीच सांगितला. याहून मोठी जाहिरात कोणती! आगाऊ मागणीच दहा लाखांच्या घरात गेली होती. दुर्लक्ष असंच व्हावं सगळ्यांचं.

तो फ्रेंच नव्हता, बेल्जियन होता, ब्रसेल्सचा. पुढे.

राहिली पाच गाणी. जाळली नाहीत. ती त्याच सत्रांत रेकॉर्ड झाली, पण ब्रेलच्या मते अपुरी होती, म्हणून ती बाहेर काढू नयेत असं त्याने बार्क्लेला सांगितलं. टेप कपाटात राहिल्या आणि २००३ मध्ये, त्याच्या मृत्यूला २५ वर्षं झाली तेव्हा, संकलनात घालून विकल्या गेल्या. रोबेर आणि झुआने यांना ते पटलं नव्हतं. मलाही पटत नाही, पण त्यातलं 'ला कातेद्राल' मी ऐकतो, हेही सांगून टाकतो.

काकांना मी एवढंच कळवलं: ब्रेलने ऑपरेशन करून घेतलं होतं, तुमची गुरुवारची तारीख चुकवू नका. त्यांनी उलट विचारलं, मेसेजच्या खाली गाण्याची लिंक आहे ती तरी त्याची आहे का? उघडून पाहिली. टेरी जॅक्स निघाला.